पिवळी पट्टी

४ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मागचा आठवडा कसा गेला? मला सांगता येईना. वाईट गेला असं नव्हे, आठवेचना. कामावर गेले होते एवढं नक्की, कारण शुक्रवारी निघताना ओलावी "सोमवारी भेटू" म्हणाला होता.

त्या म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहीत जा. कंपनीने नाताळात दिलेली डायरी कोरीच होती, तीच काढली. मधली पानं तशीच सोडली आहेत.

आज ऊन होतं. उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासा. दोन ओळी झाल्या.

६ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या होत्या की तुम्ही काम काय करता ते मला नीट कळलं नाही, ते लिहून पाहा.

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या परिचारिका असतात. त्यांच्या फोनवर चालणारा प्रोग्राम आम्ही पाच जण मिळून करतो. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं एक पत्रक असतं. दार उघडायचा आकडा, औषधं, इन्सुलिनचा डोस, घरातलं कुत्रं चावतं का, सगळं त्यात. पत्रक म्हणजे एक फाइल. ती वाचायचा भाग माझा.

जावास्क्रिप्टमध्ये हे लिहायला सोपं असतं. एका कंसात लिहायचं, प्रयत्न कर. दुसऱ्या कंसात, फसलं तर हे कर. पत्रक उघडलं की माझा कोड आधी आमच्या सर्व्हरवरून फाइल वाचायला जातो. तिथे पोचता आलं नाही तर फोनमध्ये आधीची प्रत ठेवलेली असते, ती वाचतो. तीही नसेल तर कोरं पत्रक दाखवतो. काही झालं तरी परिचारिकेच्या हातात काहीतरी असतंच. प्रोग्राम कधी थांबत नाही. गिऱ्हाइकांना आमचं हेच आवडतं.

पूर्वी फोनमधली प्रत दाखवताना वर एक पिवळी पट्टी यायची, "जुनी प्रत" म्हणून. पण ती प्रत्येक लिफ्टमध्ये आणि प्रत्येक तळघरात यायची. वसंतातल्या बैठकीत परिचारिका वैतागल्या होत्या. त्यांच्यातली काइसू म्हणाली होती, "बाई गं, ती पट्टी बघून बघून मला कावीळ व्हायची वेळ आली." सगळ्या हसल्या. आमचा मालक यारक्को म्हणाला, काढून टाक. मे महिन्यात मी ती काढली. एका ओळीचं काम.

एवढंच माझं काम.

७ सप्टेंबर, गुरुवार

ओलावीने आज अख्खा कालाकुक्को आणून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणे बायकोचा अंदाज पुन्हा चुकला, घरात दोन झाले. आता आमच्याकडे सावो भागात हा पदार्थ करायचा म्हणजे राय धान्याच्या कणकेत मासे भरून तासन् तास भाजत ठेवायचं. एवढ्या खटपटीचं काम, आणि त्या बाईचा अंदाज दर आठवड्याला चुकतो. मागच्या आठवड्यात सूप चुकलं होतं. वय झालं असेल.

११ सप्टेंबर, सोमवार

यारक्को सकाळी आला तो कोट न काढताच माझ्या टेबलापाशी उभा राहिला. कंपनी त्याची आहे, पण आवाज चढवून बोलणं त्याला जमत नाही. आज तर कुजबुजतच होता.

टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या इम्पी नावाच्या आजी काल सकाळी बेशुद्ध सापडल्या. वय शहाऐंशी. शेजारीण वर्तमानपत्र द्यायला गेली होती, दार उघडेनात म्हणून तिने आरडाओरडा केला. रक्तातली साखर पार उतरली होती. त्या आधी आठवडाभर इस्पितळातच होत्या. जेवण कमी झालंय म्हणून शुक्रवारी सोडताना डॉक्टरांनी इन्सुलिन निम्मं केलं होतं. शनिवारी संध्याकाळी परिचारिकेने जुनाच डोस टोचला.

"कोण होती?" मी विचारलं.

"काइसू."

"आजी जगतील?"

"शुद्धीवर आल्यात. पण बोलणं अडखळतंय म्हणे." मग म्हणाला, "आरोग्य विभागाकडून आपल्याला पत्र आलंय. नवं पत्रक कधी पोचलं ते विचारलंय. तू बघ."

बघते म्हणाले. मला काहीतरी वाटायला हवं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

१३ सप्टेंबर, बुधवार

नवं पत्रक शुक्रवारी दुपारी सर्व्हरवर आलं होतं. सर्व्हर बंद नव्हता. यारक्कोला सांगितलं. त्याने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, एवढंच एका वाक्यात लिही. मी लिहिलं, "नवं पत्रक शुक्रवार दुपारपासून उपलब्ध होतं."

त्यात खोटं काही नाही.

ओलावीने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. बराच वेळ वाचत होता, वाक्याच्या मानाने फार वेळ. मग म्हणाला, "सावोचा माणूस बोलतो तेव्हा अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची." ही म्हण इथे पोराटोरांनाही पाठ आहे. मग तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला काहीतरी हवं होतं.

"कॉफी हवी का?" मी विचारलं.

"नको," म्हणाला आणि गेला.

१८ सप्टेंबर, सोमवार

काइसूला कामावरून घरी बसवलंय. छप्पन्न-सत्तावन्नची असेल, पाय दुखतात म्हणायची. तेवढीच विश्रांती.

हल्ली मी घरी येताना गाडी कारखान्याच्या बाजूने आणते. तळ्याकाठचा रस्ता जवळचा आहे, पण इकडून चढ कमी लागतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

दुकानात बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी काइसू भेटली. मी आधी ओळखलंच नाही. गणवेशाशिवाय तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि डोळ्यांवर जाड काचांचा नवा चष्मा होता.

"आउती! अगं किती वाळलीस. आणि हा कुणाचा कोट घातलायस? त्यात दोघी मावू आपण."

"गरम आहे," मी म्हणाले. "तुझी सुट्टी कशी चाललीय?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी थट्टा करतेय की काय ते पाहत असावी. "सुट्टी नाही गं. चौकशी चाललीय माझी."

मग ती यंत्रात बाटल्या टाकत टाकत बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

"हजारदा आठवून पाहिलं. इम्पीआजींची साखर तपासली, बरी होती. फोन उघडला. डोस वाचला, नेहमीचाच. टोचलं. लापशी दिली. माझ्या डोळ्यांसमोर तो आकडा अजून आहे. पण तुम्ही लिहून दिलंय ना, की नवं पत्रक शुक्रवारपासून होतं. म्हणजे नवा आकडा समोर होता आणि मी जुना वाचला. होतं म्हणे असं. समोर एक असतं आणि डोकं दुसरंच दाखवतं. माझ्या आईचं अस्संच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तर ती मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? म्हणून हा चष्मा घेतला. आणि मंगळवारी डोक्याची तपासणी आहे."

यंत्राने तिची एक बाटली परत ढकलली. तिने पुन्हा आत टाकली. पुन्हा बाहेर आली.

"ह्याचाही माझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण तोंड वाकडं झालं.

"तुझी चूक नसेल," मी म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते.

"त्या घरात फोन लावायला वर जिन्यात जावं लागतं," ती म्हणाली. "मी तेव्हाही डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं म्हणून वर जाणार होते. मग म्हटलं, कशाला? पत्रक समोर आहे की."

मी घरी आले. दूध आणायचं राहिलं.

२४ सप्टेंबर, रविवार

सौना तापवला. दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर आली आणि तेव्हाच ते डोक्यात शिरलं.

फोन लावायला वर जिन्यात जावं लागतं.

म्हणजे खाली नेटवर्क नाही. म्हणजे माझा कोड सर्व्हरपर्यंत गेलाच नाही. दुसऱ्या कंसात गेला. फोनमधली जुनी प्रत काढली आणि तिच्यापुढे ठेवली, नव्यासारखीच कोरी करकरीत. काइसूने जे होतं तेच वाचलं.

दोन आठवडे ही गोष्ट माझ्यासमोर होती. मी स्वतःच या वहीत लिहून ठेवली आहे, आत्ता मागची पानं उलटून पाहिली तर सहा तारखेला सगळं लिहिलेलं आहे. तरी मला दिसली नाही. असं कसं होतं ते कळत नाही. मी तशी हुशार समजली जाते.

वाफ संपेपर्यंत बसून राहिले. काही वाटलं नाही, फक्त पाय गार पडले.

२५ सप्टेंबर, सोमवार

चाचणीचा फोन घेतला. त्यात एक खोटी आजी तयार केली, तिला इन्सुलिनचा डोस दिला, पत्रक एकदा उघडून पाहिलं. मग ओलावीला म्हणाले, "मी अर्ध्या तासाने फोन केला की हिचा डोस निम्मा कर."

का, असं त्याने विचारलं नाही. "बरं," म्हणाला आणि लगेच खुर्ची टेबलाकडे ओढून बसला, जणू केव्हापासून तयारच होता.

काइसूला घरून घेतलं. ती टापटीप कपडे घालून आली होती, कुठे बोलावणं असल्यासारखी. इम्पीआजींची इमारत दगडी आहे, खडक फोडून उतारात बसवलेली. आजींचं दार जिन्याच्या तळाशी, धुलाईखोलीच्या शेजारी. वर रस्त्यावर उभी राहून मी ओलावीला फोन केला. "केला निम्मा," तो म्हणाला. मग आम्ही खाली उतरलो. नेटवर्कच्या रेघा एक एक करत गेल्या.

धुलाईखोलीत कुणाची तरी चादर यंत्रात फिरत होती. मी पत्रक उघडून फोन काइसूच्या हातात दिला.

"वाच."

तिने चष्मा वर केला, खाली केला. मग जुना डोस वाचून दाखवला. पूर्ण, निम्मा नव्हे.

"हे चुकीचं आहे," मी म्हणाले. "आत्ता तिकडे ऑफिसात ओलावीने बदललंय. पण फोनला ते मिळालेलं नाही, म्हणून त्याने त्याच्याकडचं जुनं दाखवलं. आणि जुनं आहे असं सांगितलं नाही, कारण ते सांगणारी पट्टी मी काढलीय. तू बरोबर वाचलं होतंस, काइसू."

ती भिंतीला टेकली. "पुन्हा सांग."

"तू बरोबर वाचलं होतंस."

"म्हणजे माझं डोकं..."

"डोकं ठीक आहे तुझं."

ती मोठ्याने रडायला लागली. धुलाईखोलीत आवाज घुमतो. कुणीतरी वरून विचारलं, काय झालं? काइसू तशीच रडत ओरडली, "काही नाही, आनंदाची बातमी आहे!" मग तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "पण पट्टी काढा म्हणून आम्हीच बोंब मारली होती. मीच मारली होती."

"हो."

"आणि तू काढलीस."

"हो."

"मग आता?"

"आता मी लिहून देईन."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. हात गरम होते. "तुला चालेल ना पण? कंपनीचं काय?" मी म्हणाले, चालेल. तिने विचारलं, "आउती, तू रडतेस कधी?" कशासाठी ते मला समजलं नाही. मी म्हणाले, आज तरी काही कारण नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

यारक्कोला सांगितलं. तो उठून दार लावून आला.

"ते वाक्य खरं होतं," तो म्हणाला.

"खरं होतं. पण त्यावरून त्या लोकांना वाटतंय की तिला नवं पत्रक दिसत होतं."

"पट्टी त्यांनीच काढायला लावली!"

"तेही लिहू."

"नव्या वर्षाचा करार व्हायचाय. हे गेलं की करार गेला. पाच जण आहोत आपण. ओलावीला या वयात कोण घेणार?" मग त्याचा आवाज फारच खाली आला. "तुला मी कधी बोलून दाखवलं नसतं. पण मार्चभर तू नुसती पडद्याकडे बघत बसायचीस. एप्रिलमध्येही. मी कुणाला एक शब्द काढू दिला नाही. आठवतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

खरंच आठवत नव्हतं. पण त्याला ते लागलं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

नंतर ओलावीला विचारलं, "मी मार्चमध्ये पडद्याकडे बघत बसायचे?"

"बसायचीस कधी कधी."

"मग माझं काम कोण करायचं?"

"व्हायचं," ओलावी म्हणाला आणि नाक शिंकरायला गेला.

कामं अशी आपोआप होत नसतात. पण त्याला अजून विचारून उपयोग नव्हता.

२८ सप्टेंबर, गुरुवार

दोन पानं लिहिली. फाइल कुठून वाचली जाते, पोचता आलं नाही तर काय होतं, पट्टी का होती, कुणाच्या म्हणण्यावरून आणि कुणाच्या हाताने गेली. काइसूने काय पाहिलं असणार. खाली माझी सही. पाठवलं.

मग कँटीनमध्ये जाऊन वाटाण्याचं सूप घेतलं. गुरुवार होता, गुरुवारी तेच असतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

विभागात बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला विभागाचे तिघे, दुसऱ्या बाजूला मी आणि काइसू. यारक्को येणार नाही असं मी धरून चालले होते. तो आला, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "पट्टी काढायचा निर्णय आउतींचा होता?"

मी हो म्हणणार होते. यारक्को म्हणाला, "माझा. हिने फक्त केलं. हिच्या कागदात ते नीट आलेलं नाही, ते दुरुस्त करून घ्या." त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तू बोलला नसतास तरी चाललं असतं."

"तुला चाललं असतं," तो म्हणाला. "तुला हल्ली सगळंच चालतं."

१० ऑक्टोबर, मंगळवार

काइसू कालपासून कामावर. विभागाचं पत्र आलं. तिच्यावर ठपका नाही. आमचा करार वर्षअखेर संपेल, पुढे नाही. तोवर दुरुस्ती करून द्यायची.

यारक्कोने सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. नंतर ओलावी म्हणाला, "मला तसंही मासे धरायला वेळ मिळत नव्हता."

"तुला मासेमारी आवडते?"

"अजिबात नाही."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काइसू कामावरून थेट ऑफिसात आली, बूट काढून पाय खुर्चीवर ठेवून बसली. दुरुस्ती कशी हवी ते ठरवायचं होतं. मी म्हणाले, वाचता आलं नाही तर काहीच दाखवायचं नाही. साफ सांगायचं, मिळालं नाही.

"आणि मी दाराबाहेर बर्फात उभी राहू? दाराचा आकडा त्याच पत्रकात असतो!"

"मग जुनं दाखवून वर पट्टी टाकू. आधीसारखी."

"ती आम्ही पुन्हा बघायचं सोडून देऊ. माणूस आहे, सवय होते." ती तळवे चोळत विचार करत राहिली. "दाराचा आकडा जुना असला तरी काय बिघडतं? फार तर दार उघडणार नाही. कुत्रं तेच असतं. पण डोस... डोस जुना दिसताच कामा नये. तिथे रिकामं ठेव. रिकामी जागा दिसली की मला वर जिन्यात जाऊन फोन करावाच लागेल."

तसंच करायचं ठरलं. एकाच फाइलमधलं काही जुनं चालतं, काही चालत नाही. इतकी वर्षं मी सगळ्याला एकच कंस लावत होते.

कोडचा तो भाग पुन्हा लिहिताना मान एकदाही वर केली नाही. पाचला ओलावीने दिवे घालवले तेव्हा भूक लागल्याचं कळलं. बऱ्याच दिवसांनी लागली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

काइसू इम्पीआजींना भेटायला घेऊन गेली. त्या आता वृद्धांच्या शुश्रूषागृहात असतात. घरी परत जाणार नाहीत. उजवा हात नीट चालत नाही, शब्द शोधावे लागतात. त्यात त्या झटक्याचा वाटा किती आणि वयाचा किती, कुणी सांगत नाही.

"ही आउती," काइसू म्हणाली. "फोनमधलं हिनेच केलेलं."

आजींनी मला खालवर न्याहाळलं. "मला वाटलं... उंच असशील."

मी माफी मागायला गेले होते. मागितली. त्या म्हणाल्या, "मला काही... आठवत नाही त्यातलं. झोपले होते. छान झोप. मग ह्या लोकांनी उठवलं." मग, "नवरा आहे?"

"होता."

"केव्हा?"

"फेब्रुवारीत. स्कीवरून तळ्याकाठाने येताना. हृदय."

"पटकन?"

"हो."

"त्याच्यासाठी बरं," आजी म्हणाल्या. पुढचा शब्द शोधायला त्यांना खूप वेळ लागला. "तुझ्यासाठी घाण."

मी म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी डाव्या हाताने उशीखालून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली, आणि मी ती खाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर गाडीत काइसू सारखे डोळे चोळत होती. थकली असावी, सलग पाच दिवस काम झालं होतं तिचं.

३० ऑक्टोबर, सोमवार

दुरुस्ती सगळ्या फोनांवर गेली. पहिल्याच दिवशी कुणाकुणाचे चिडून फोन आले, डोसची जागा रिकामी का म्हणून. काइसूने म्हणे त्यांना झापलं.

कोवळा बर्फ पडला, टिकला नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

इम्पीआजी गेल्या. फुप्फुसात सूज. काइसूचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. जेवण पुरं केलं.

यारक्कोने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीशी बोलणी लावली आहेत. आम्हा सगळ्यांना घेतील असं म्हणतो. ओलावीलासुद्धा. त्याच्यासाठी म्हणे तो तासभर भांडला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

इम्पीआजींचा दफनविधी. जवळचं कुणी नव्हतंच, एक भाची आली होती लांबून. शेजारणी तीन, शुश्रूषागृहातली एक मुलगी, काइसू आणि मी. जमीन वरून गोठली होती, फुलं ठेवताना गुडघे दुखले. मग चर्चच्या खोलीत कॉफी, सँडविचचा केक, वेलदोड्याचा पाव.

शोकसंदेशांची कार्डं उभं राहून मोठ्याने वाचायची असतात. भाची म्हणाली, मला कुणाचीच नावं माहीत नाहीत. काइसू म्हणाली, माझा चष्मा गाडीत राहिलाय, आउती वाचेल. माझ्या रिस्तोच्या दफनाच्या वेळी ओलावीने वाचली होती म्हणे. मला त्यातलं एकही आठवत नाही.

मी उभी राहिले. पहिली दोन छापील ओळींची होती. ती वाचली. तिसरं वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचं होतं, जी वर्तमानपत्र घेऊन गेली होती. तिने पेनाने स्वतः लिहिलं होतं. "इम्पी, तू इथून गेल्यावर सकाळी दोनदा तुझ्या दाराशी जाऊन उभी राहिले. घंटा वाजवणार होते, मग लक्षात आलं. तू दार उघडायला फार वेळ लावायचीस. आता..."

तिथे मला पुढे वाचता येईना. अक्षरं नीट होती. मोठी, स्पष्ट होती. पुढचा शब्द दिसत होता आणि तोंडातून येत नव्हता. मी पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याच घशातून एक आवाज आला, असा की भाचीने कप खाली ठेवला. आणि तो थांबेना. मी तिथे उभी राहून लहान पोरासारखी रडत होते, त्या आजींसाठी, ज्यांना मी आयुष्यात एकदाच भेटले होते. हे कसं, मला कळत नाही. सगळ्यांसमोर फार विचित्र दिसलं असणार. शेजारणींनीच खरं तर रडायचं.

काइसू उठून आली. तिने एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कार्ड घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून ते हात लांब करून धरलं, खिडकीकडे वळवलं आणि एकेक शब्द लावत, अडखळत, राहिलेलं तिने वाचलं.